हँग झालेला डेस्कटॉप आणि चालू असलेला कर्नल

माउसचा बाण हलेना की यंत्रच गेले, असा समज होतो. लिनक्सवर बहुधा गोठतो तो ग्राफिकल थर. खाली कर्नल चालूच असतो. ई-कोर्ट्स प्रकल्पामुळे उबुंटू लिनक्स तालुका न्यायालयांच्या टेबलांपर्यंत गेली, त्यामुळे चंद्रपूर-गडचिरोलीच्या तंत्रज्ञांना हा फरक रोजच्या कामाचा आहे. गडचिरोलीहून सिरोंचा सुमारे २०० किलोमीटर. निदान फोनवरच करावे लागते.

पहिला प्रश्न कॅप्स लॉकच्या दिव्याचा. कळ दाबल्यावर तो लागत-विझत असेल तर ग्राफिकल थर चालवणारा डिस्प्ले सर्व्हर जागा आहे आणि अडकले आहे ते वरचे एखादे ॲप्लिकेशन. दिवा लागला नाही म्हणून मात्र कर्नल मेला असे ठरत नाही, कारण ग्राफिकल सत्रात हा दिवा डिस्प्ले सर्व्हरच हाताळतो. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टेक्स्ट कन्सोल उघडण्याचा मार्गही त्याच्याच हातून जातो. तोच अडकला तर कीबोर्ड जवळपास निरुपयोगी, आणि दुसऱ्या यंत्रावरून एसएसएच हाच भरवशाचा रस्ता. ही सोय यंत्र बसवतानाच करून ठेवावी लागते. हँग झाल्यावर आठवून उपयोग नाही.

आत शिरता आले तर आधी टॉप, फ्री आणि डीएफ या आज्ञा देऊन पाहाव्यात. मेमरी संपलेली किंवा डिस्क काठोकाठ भरलेली, हीच कारणे जास्त सापडतात. अडकलेली एकच प्रोसेस मारून भागत असेल तर लॉगिनचा पडदा चालवणारे जीडीएम पुन्हा सुरू करू नये. त्यात जतन न केलेले सगळे काम जाते.

एसएसएचही नसेल तर कर्नलला थेट आदेश देणारी ऑल्ट-सिसआरक्यू ही कळजोडी. इथे पाठ केलेला आर-ई-आय-एस-यू-बी हा क्रम फसवतो. कोणती अक्षरे चालतील हे ठरवणारे सिसआरक्यूचे मूल्य उबुंटूत मुळात १७६ असते, म्हणजे १६, ३२ आणि १२८ यांची बेरीज. त्यामुळे या क्रमातले चालतात फक्त एस, यू आणि बी: डिस्कवर लिहिणे, फाइल सिस्टिम केवळ वाचनीय करणे, रीबूट. कीबोर्ड परत मिळवून देणारा आर हवा असेल तर ४ मिळवून १८० करावे. आणखी ६४ मिळवल्यास प्रोसेस मारणारे ई, आय आणि एफही चालतात. पण ज्या टेबलावर कोणीही येऊन बसते तिथे ते नकोच. एस-यू-बी तेवढे पुरते, आणि पॉवरचे बटण दाबून धरण्यापेक्षा केव्हाही बरे.

रीबूटनंतर काम संपत नाही. जर्नलसीटीएलला उणे-बी उणे-१ देऊन मागच्या बूटची नोंद वाचावी: मेमरी संपल्यावर ओओएम किलरने कोणत्या प्रोसेसला मारले, ग्राफिक्स ड्रायव्हर कुठे अडला. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. तेव्हा प्रोसेसरचे तापमान मर्यादा ओलांडल्याच्या ओळी आधी शोधाव्यात. त्या सापडल्या तर उबुंटू पुन्हा टाकण्याऐवजी कॅबिनेट उघडून पंख्यातली धूळ काढावी.