मोडीचा भाव

माळ्यावरचा आजीचा तांब्याचा बंब मोडीत द्यायचा, असे आमच्या सौ.ने जाहीर केले आणि मी ताडकन उठून भाषण ठोकले. भाषणात 'विक्रांत' आली. सौ. म्हणाली, "अहो, बंबाचं चाललंय ना? मग युद्धनौका कशाला मध्ये?"

पण संबंध आहे! विक्रांत ही आपली पहिली विमानवाहू नौका. इंग्रजांनी महायुद्धात बांधायला घेतलेली आणि अर्धवट सोडलेली. १९५७ साली आपण ती घेतली, पुरी करवून घेतली आणि १९६१ मध्ये नौदलात आणली. १९७१ च्या युद्धाच्या वेळी तिच्या एका बॉयलरला तडा गेला होता. बॉयलर म्हणजे बंबच की हो! तो तडकलेला बंब घेऊन बाई बंगालच्या उपसागरात गेली आणि तिच्या विमानांनी चितगाव नि कॉक्सबझार भाजून काढले. आमच्याकडे गॅस संपला तर चहा होत नाही.

१९९७ मध्ये ती निवृत्त झाली. पुढे तिचे संग्रहालय केले, ते २०१२ मध्ये धोकादायक म्हणून बंद झाले. मग लिलाव, कोर्टकचेऱ्या, आणि २०१४ मध्ये साठ कोटींना विक्री. दारूखान्यात तिचे तुकडे पडले. काही लोखंड मोटारसायकलींच्या टाक्यांत गेले. आमच्या शाखेतल्या एकाने तशी गाडी घेतली आणि आठवडाभर तो पार्किंगमध्ये सलाम स्वीकारत होता.

आता शहाणे लोक म्हणतात, "भावनेवर जहाज तरंगत नाही. बूड झिजलं होतं, देखभालीला पैसा लागतो." कबूल! मी कॉमर्सचा माणूस, घसारा मला शिकवू नका. पण निवृत्तीपासून संग्रहालय बंद होईपर्यंत पंधरा वर्षे गेली. पंधरा वर्षांत आमचा शिपाईसुद्धा घराचे कर्ज फेडतो. आणि एवढे होऊन शिकलो काय? 'विराट'ची पाळी आली, तेव्हा २०१८ मध्ये आपल्या राज्य मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गात निवतीजवळ संग्रहालय करायला ८५२ कोटींचा प्रकल्प मंजूर केला. २०२० मध्ये विराट अलंगच्या किनाऱ्यावर चढली, भाव साडेअडतीस कोटी! तिकडे विशाखापट्टणमला मात्र 'कुरसुरा' ही पाणबुडी २००२ पासून किनाऱ्यावर बसली आहे आणि लोक तिकीट काढून आत शिरतात. म्हणजे जमते. जमवायचे असते.

आता खरे सांगतो. विक्रांत संग्रहालय होती, तेव्हा मी फोर्टच्या शाखेत होतो. बोट हाकेच्या अंतरावर. ठराविक दिवशी लोकांना आत सोडत. तीन वर्षांत मी एकदाही गेलो नाही. का? पाच चाळीसची डोंबिवली चुकली असती. लिलावाची बातमी आली त्या दिवशी मात्र काउंटरवर सर्वात मोठ्याने मीच हळहळलो. गिऱ्हाइकाने शेवटी विचारले, "साहेब, पासबुक?"

घसारा पुरता उतरलेल्या वस्तूसमोर आमच्या वहीत एक रुपया ठेवतात. किंमत म्हणून नव्हे. वस्तू अजून आहे, हे विसरू नये म्हणून. विक्रांतच्या नावापुढे आपण तो एक रुपयाही ठेवला नाही. सरकारने नाही, आणि आपण हळहळणाऱ्यांनीही नाही.

भाषण संपले. सौ.ने शांतपणे विचारले, "पटलं. ठेवू या बंब. पण घासणार कोण?"

या प्रश्नाचे उत्तर दिल्याशिवाय मंत्रिमंडळानेही ठराव करू नये आणि नवऱ्यानेही भाषण करू नये. गेले चार रविवार मी चिंच-मीठ घेऊन बाल्कनीत बसतो आहे.