दिवसाला एक मिलिमीटर

हिंगणघाटच्या आमच्या खालांच्या हातच्या रोट्या खानदानात नावाजलेल्या. दोन वर्षांपूर्वी रमजानमध्ये आम्ही त्यांच्याकडे होतो. सहरीच्या वेळी त्यांच्या करंगळीवर टपोरा फोड दिसला. "खाला, भाजलं केव्हा?" असं विचारलं, तर त्या बोटाकडे बघतच राहिल्या. तवा लागला होता, पण त्यांना कळलंच नव्हतं. तीन-चार महिन्यांपासून करंगळी सुन्न होती. कोपराजवळ एक फिकट चट्टाही होता, वर्षभराचा. मुलीचं नातं ठरायचं होतं, म्हणून तो लांब बाहीखाली झाकलेला.

दवाखान्यात निदान झालं कुष्ठरोगाचं. घरात दोन दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही.

या महिन्यात आम्ही लिहिणार आहोत ते मज्जातंतूंबद्दल, कारण खालांचा फोड म्हणजे खरं तर एका मज्जातंतूची हकिकत आहे. करंगळीला स्पर्शाची खबर देणाऱ्या पेशीचं मूळ मानेत, कण्याजवळ असतं. तिथून केसाहूनही बारीक धागा निघून कोपराच्या मागच्या खोबणीतून बोटाच्या टोकापर्यंत जातो. कोपर आपटला की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, तीच ही नस. या धाग्यांभोवती श्वान पेशींचं वेष्टण असतं. कुष्ठरोगाचा जंतू नेमका त्याच पेशींत घर करतो. त्याला थोडी थंड जागा मानवते, म्हणून कातडीजवळून जाणाऱ्या नसा आधी सापडतात.

हातापायाचा असा धागा तुटला, तर त्याचा पुढचा तुकडा मरतो. श्वान पेशी आणि शरीराचे सफाई करणारे कण मिळून तो कचरा उचलतात. मग श्वान पेशी रांगेत उभ्या राहून बोगद्यासारखी वाट तयार करतात आणि काही प्रथिनं सोडतात. मागे उरलेल्या धाग्याच्या टोकाला त्या प्रथिनांचा जणू वास लागतो. ते टोक चाचपडत पुढे सरकतं. लॅमिनिन नावाचं एक प्रथिन त्याला पायाखालच्या फरशीसारखं उपयोगी पडतं. कुष्ठरोगाचा जंतू श्वान पेशीला चिकटतो तो याच लॅमिनिनला धरून. वाट दाखवणाऱ्याच्याच खांद्यावर हात ठेवून चोर घरात शिरावा, तसं.

वाढीचा इशारा देणारं पहिलं प्रथिन शोधलं इटलीच्या रीटा लेवी-मोंताल्चिनी यांनी. त्या ज्यू होत्या. 1938च्या वंशभेदी कायद्यांनी विद्यापीठाचं दार बंद झालं, तेव्हा त्यांनी घरातल्या झोपायच्या खोलीत कोंबडीची अंडी घेऊन पिल्लांच्या नसांचा अभ्यास मांडला. पुढे अमेरिकेत हे प्रथिन हाती लागलं आणि 1986मध्ये त्यांना स्टॅन्ली कोहेन यांच्यासह नोबेल मिळालं. मेंदूत आणि कण्यातल्या मज्जारज्जूत मात्र उलटा कारभार असतो. तिथे 'नोगो'सारखी प्रथिनं वाढीला अडवतात. म्हणून बोटाची कापलेली नस जोडली तर सुधारू शकते, पण झाडावरून पडून कणा दुखावलेला माणूस सहसा पूर्ववत होत नाही.

आणि वेग? दिवसाला साधारण एक मिलिमीटर. कोपर ते करंगळी पाऊण हात धरला, तरी जवळपास वर्षभर लागतं. तोवर ज्या स्नायूंना खबर मिळत नाही ते सुकतात. म्हणून नस सुजल्यापासून सहा महिन्यांच्या आत उपचार झाला तर फायदा जास्त. जंतू मारणाऱ्या औषधांचा कोर्स सहा किंवा बारा महिन्यांचा असतो आणि सरकारी दवाखान्यात तो मोफत मिळतो. नसेची सूज उतरवायला डॉक्टर वेगळ्या गोळ्या देतात. त्या मनाने सुरू करू नयेत, मनाने बंदही करू नयेत.

हे सगळं वर्ध्यात घडावं, याचं आम्हाला वाईट वाटलं. 1936मध्ये मनोहर दिवाणांनी दत्तपूरला कुष्ठधाम उभारलं, ते इथेच. सेवाग्राममध्ये गांधीजींनी परचुरे शास्त्रींच्या जखमा स्वतः धुतल्या. 1951पासून गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानच्या डॉ. वर्देकरांनी घरोघरी तपासणी, लोकशिक्षण आणि घरच्या घरी उपचार अशी पद्धत बसवली. पुढे ती देशाने उचलली. ज्या जिल्ह्याने इतकं शिकवलं, तिथे आमच्याच घरात चट्टा बाहीखाली राहिला.

भीती होती ती नात्याची. वाचक भगिनींनी एक नोंद ठेवावी: 1939च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात नवऱ्याचा कुष्ठरोग हे तलाक मागण्याचं एक कारण होतं. 2019मध्ये संसदेने ते काढून टाकलं, आणि इतर धर्मीयांच्या विवाह कायद्यांतूनही काढलं. औषध सुरू झालं की रुग्णापासून लागण होण्याची शक्यता लवकरच संपते, मग वेगळं ताट कशाला?

वुजू करताना हातपाय दिवसातून पाचदा डोळ्यांखालून जातात. कुठे फिकट चट्टा आहे का, थंड-गरम पाणी दोन्ही हातांना सारखंच लागतं का, हे तेव्हाच बघता येतं.

खालांचा कोर्स पूर्ण झाला. मुलीचं लग्न झालं. मुलाकडच्यांना आधीच सांगितलं होतं. तळहाताच्या कडेला आता स्पर्श कळतो. करंगळीचं टोक अजून मुकं आहे. तवा उचलायला त्या जाड फडकं घेतात आणि घाईत विसरल्या की नातू ओरडतो, "नानी, फडकं!"