रंग नंतर, आधी पार्किंगचे कॉलम

१७ फेब्रुवारी २०२५ ला पहाटे ५ वाजून ३६ मिनिटांनी दिल्ली हलली. रिश्टर स्केलवर फक्त ४. पण केंद्र धौला कुआंजवळ आणि खोली जेमतेम ५ किलोमीटर, त्यामुळे इथे द्वारकेत आधी गडगडाट ऐकू आला आणि मग पलंग हलला. पाच मिनिटांत सगळी सोसायटी खाली. बाहेर थंडी, म्हणून बहुतेक जण पार्किंगच्या कॉलमांमध्येच उभे राहिले. इमारत पडलीच, तर सगळ्यात आधी बसणारा मजला तोच.

दिल्लीची पोस्टिंग, क्वार्टरची रांग लांब, म्हणून मी इथे भाड्याने राहतो. इमारत नव्वदच्या दशकातली. तळाला गाड्यांसाठी मोकळी जागा, वर विटांच्या भिंतींनी भरलेले मजले. भूकंपात वरचा भाग पेटीसारखा एकसंध हलतो आणि सगळा ताण खालच्या कॉलमांवर येतो. २६ जानेवारी २००१ ला भूजच्या भूकंपात अहमदाबादेत अशाच इमारती कोसळल्या. केंद्र तिथून दोनशे किलोमीटरहून दूर होतं. हिमालयाचा पायथा दिल्लीपासून साधारण तेवढाच दूर आहे. अशा मोकळ्या मजल्यांबद्दलचे कडक नियम भूजनंतर, २००२ च्या मानकात आले. आमची इमारत त्याआधीची. त्यात द्वारकेचं भूजल खारट. सळया गंजून फुगतात, प्लास्टर सुटतं आणि आपण त्यावर पुट्टी मारतो.

पुढच्या सर्वसाधारण सभेत विषय दोनच होते: नवं गेट आणि बाहेरचा रंग. मी उठून स्ट्रक्चरल ऑडिटची मागणी केली. तीन उत्तरं मिळाली.

पहिलं, "इतने साल में कुछ नहीं हुआ." किल्लारीलाही काही होणार नव्हतं. त्या वेळच्या नकाशात तो भाग सगळ्यात कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, विसर्जन आटोपून लोक झोपले होते. मी तेरा वर्षांचा, सोलापुरात. भांडी पडल्याचा आवाज अजून कानात आहे. हजारो माणसं दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाखाली गेली. दिल्ली तर झोन ४ मध्ये आहे, आणि ही इमारत बांधली तेव्हाही होती.

दुसरं, "रिपोर्ट बाहर गई तो फ्लैट का रेट गिरेगा." म्हणजे दोष माहीत करून घ्यायचा नाही आणि तो पुढच्या माणसाला पूर्ण भावात विकायचा. युनिटमध्ये नादुरुस्त गाडीवर कुणी नवा रंग चढवून ती ताफ्यात पाठवली, तर त्याची चौकशी लागते. इथे त्याचा ठराव पास होतो.

तिसरं, "आप तो किरायेदार हो, दो साल में चले जाओगे." खरं आहे. पण स्लॅब पडताना मालक आणि भाडेकरू असा भेद करत नाही. आणि ढिगारा उपसायला शेवटी आमच्याच जवानांना बोलावतात.

खर्चाचा मुद्दा मात्र खरा आहे. कॉलमांना नव्या सळया आणि काँक्रीटचं जॅकेट घालायचं, काही गाळ्यांत काँक्रीटच्या भिंती उभ्या करायच्या, तर पैसा लागतो, महिनोन् महिने धूळ खावी लागते, काही गाड्यांची जागा जाते. पण ऑडिट ही पहिली पायरी आहे. नकाशे काढा, काँक्रीटची ताकद आणि सळयांचा गंज तपासा, मग काय करायचं ते इंजिनिअर सांगेल. हा खर्च रंगाच्या अंदाजपत्रकापुढे फार नाही.

उमरगा तालुक्यातल्या माझ्या मामांचं दगडी घर त्या भूकंपात तडकलं, पण पडलं नाही. नंतर त्यांनी गवंडी लावून भिंतीत ठरावीक अंतरावर दगड काढले आणि तिथे सळई घालून काँक्रीट भरलं, म्हणजे भिंतीची दोन्ही अंगं एकमेकांना बांधली गेली. दरवाजांच्या वर चारी बाजूंनी जाळी आणि सिमेंटचा पट्टा फिरवला. माळवदावरची माती कमी केली. मामा सातवी पास, कोरडवाहू शेती. आमच्या सभेत डॉक्टर, सीए आणि निवृत्त इंजिनिअर बसतात. पैशाचं कारण मला सांगू नका.

तुम्ही अशाच इमारतीत राहत असाल, तर येत्या रविवारी टॉर्च घेऊन पार्किंगमध्ये जा. कॉलमवर उभ्या भेगा आहेत का, गंजाचे डाग आहेत का, ठोकल्यावर प्लास्टर पोकळ वाजतं का, पाइपसाठी कुणी कॉलम किंवा बीम फोडलाय का, ते बघा. फोटो काढा आणि सेक्रेटरींना लेखी द्या. तोंडी बोललेलं इतिवृत्तात येत नाही. आणि पुन्हा हादरा बसला तर हादरे थांबल्यावर पार्किंगमध्ये न थांबता मोकळ्या मैदानात जा, थंडी असली तरी.

मी पत्र दिलं आहे. आतापर्यंत सहा सह्या झाल्या. रंगाचं काम सोमवारपासून सुरू होतंय.