एकशे पासष्ट आकड्यांचा पोकळ डौल

जास्त वेळ खाल्ला म्हणजे माप जास्त खरं झालं, ही समजूत आपल्या इलेक्ट्रॉनिक कारखान्यांतून हाकलून द्यायला हवी. हाकलणार कोण? ती तर गुणवत्ता विभागाच्या खुर्चीत ठाण मांडून बसली आहे आणि तिच्या मांडीवर जाडजूड फाइल आहे.

मी बोलतोय रेडिओ लहरींची शक्ती मोजणाऱ्या डिटेक्टरबद्दल. नखाएवढी चिप. ट्रान्समीटर किती शक्ती बाहेर सोडतोय, हे ती त्याच्या नियंत्रकाला सांगते. भाईंदरजवळच्या मोरव्यात, राईत, मुर्ध्यात मोबाइलचा टॉवर उभा राहिला की पहिला प्रश्न ठरलेला: यातून निघतं तरी किती? प्रश्न अगदी रास्त आहे. सरकारने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. ९०० मेगाहर्ट्झला चौरस मीटरमागे ०.४५ वॅट. पण हा सगळा हिशेब सुरू होतो तो ट्रान्समीटरच्या शक्तीपासून. ती मोजणारी चिप एका डेसिबेलने कमी बोलली, तर शक्ती २६ टक्क्यांनी जास्त असते. म्हणून प्रत्येक नग कारखान्यातच तपासून, त्याचं माप जुळवून बाहेर पाठवावा लागतो. इथवर कुणाचंच दुमत नाही.

मतभेद पुढे आहे. लॉगरिदमिक डिटेक्टरचा स्वभाव सरळ. शक्ती जितके डेसिबेल वाढेल, त्या प्रमाणात व्होल्टेज वाढतं. एडी८३०७ ही जुनीजाणती चिप घ्या: डेसिबेलमागे साधारण २५ मिलिव्होल्ट. नगागणिक बदलतात त्या दोनच गोष्टी, रेषेचा चढ आणि तिची सुरुवात. आता सांगा, सरळ रेषा काढायला किती बिंदू लागतात? सातवीतलं पोर सांगेल, दोन. पण आमचे विद्वान पाच फ्रिक्वेन्सी, अकरा पातळ्या आणि तीन तापमानं घेऊन बसतात. एका नगाला एकशे पासष्ट मापं! वर तापमान स्थिर होईपर्यंत ओव्हनसमोर ताटकळायचं ते वेगळंच. कशासाठी? जी रेषा सरळच आहे, ती सरळ आहे हे पुन्हा पुन्हा सिद्ध करण्यासाठी!

रेषा दोन टोकांना वाकते, हे मान्य. खाली गोंगाटाजवळ आणि वर जिथे चिप दमते तिथे. मग जास्तीचे बिंदू तिथे घ्या. तापमानाचा परिणाम बराचसा चिपच्या रचनेतून येतो. प्रत्येक लॉटमधले मोजके नग ओव्हनमध्ये घाला, त्यांची वागणूक नोंदवा आणि बाकीचे खोलीच्या तापमानाला मोजा. ज्या कामात सहनसीमा फारच अरुंद असेल, तिथे प्रत्येक नग खुशाल गरम-थंड करा. पण सरसकट? आधी कारण द्या, मग ओव्हन लावा.

आणि प्रमाणपत्रावरचे ते तीन दशांश! डिटेक्टरचा परावर्तन गुणांक ०.२ आणि जनरेटरचा ०.०९ असेल, तर निव्वळ त्या बेबनावातून सुमारे ०.१५ डेसिबेल इकडचं तिकडे होतं. पहिल्याच दशांशावर जमीन डळमळीत, आणि हे तिसऱ्यावर इमले बांधतात. केबलच्या टोकाला दहा डेसिबेलचा चांगला पॅड, म्हणजे शक्ती कमी करणारा जोड, लावला, तर हा बेबनाव कितीतरी ओसरतो. पॅड लावायला मिनिट लागतं. तो लावायचा सोडून मापं वाढवणं हा शुद्ध आळस आहे, आणि आळसाला काटेकोरपणाचा मान मुळीच देऊ नये.

वेळ जातो कुठे, तेही ऐका. मोजण्यात जातच नाही. तो जातो वाट पाहण्यात. थर्मल पॉवर सेन्सर कमी पातळीवर सरासरी काढत बसतो. जनरेटरमधला यांत्रिक अ‍ॅटेन्युएटर खटखट करत झिजतो. संगणक एकेक आज्ञा पाठवून एकेक उत्तराची वाट बघतो. उपाय नवा नाही. सकाळी एकदाच, सावकाश, उत्तम पॉवर मीटरने केबलच्या टोकाशी शक्ती मोजा. तो तक्ता साठवा. दिवसभर जनरेटरला पातळ्यांची यादी एकदम द्या, ट्रिगरवर चालवा आणि अधूनमधून एक ओळखीचा संदर्भ-नग लावून साखळी ढळली नाही ना, ते पाहा. भाईंदरच्या गाळ्यांत लेथवरचा कारागीर प्रत्येक भोक मायक्रोमीटरने मोजत बसत नाही. गो-नोगो गेज घालतो आणि पुढच्या नगाकडे वळतो. त्याला कुणी निष्काळजी म्हणून दाखवावं!

खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीकडे बघा. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. त्यांचे रिसीव्हर दर वेळी उतरवून प्रयोगशाळेत न्यायचे का? तिथे ठाऊक असलेला गोंगाट रिसीव्हरमध्ये जागच्या जागी सोडतात आणि उत्तर वाचतात. ठाऊक असलेलं आत घालून बाहेर काय येतं ते पाहणं, एवढंच कॅलिब्रेशन असतं. विश्वाच्या टोकाचे क्षीण संकेत टिपणाऱ्यांना जे पुरतं, ते टॉवरच्या एका चिपला का पुरू नये?

आता सगळ्यात गंभीर मुद्दा. एकशे पासष्ट मापं जशीच्या तशी तक्त्यात भरली, की त्यातली चूकही खरं माप म्हणून साठते. कनेक्टर मध्येच सैल झाला? तेही तक्त्यात. मोजलेला प्रत्येक आकडा स्वतःशी जुळणारच, मग चूक दिसणार कुठून? उलट, दोन बिंदूंवरून रेषा काढा, तिसऱ्या बिंदूवर ती तपासा, आणि चढ व सुरुवात लॉटच्या सरासरीशी ताडून पाहा. बिघडलेला नग तिथल्या तिथे उघडा पडतो. वेगवान पद्धतीत पडताळणी आहे; संथ पद्धतीत आहे ती निव्वळ साठवण.

म्हणून वाचलेला वेळ संशयास्पद नगावर खर्च करा, आणि तिसऱ्या बिंदूवरचा फरक प्रमाणपत्रावर छापा. तो छापायची ज्याची छाती नाही, त्याने एकशे पासष्ट मापांची टिमकी वाजवू नये.