ज्या घरी कढई चढली नाही

आपल्याकडे एक चांगली रीत आहे. ज्या घरातले माणूस वर्षाच्या आत गेलेले असते, त्या घरी दिवाळीला तळण काढीत नाहीत. पण म्हणून त्या घरातली मुले फराळावाचून राहत नाहीत. शेजारीपाजारी ताटे भरून पाठवतात. वाईट एवढेच, की ताट घेऊन जाणाराला तिथे जाऊन बोलायचे काय, हे कोणी शिकवून ठेवलेले नाही.

आमच्या तळमजल्यावर एक शाळेतल्या बाई राहतात. नगरकडच्या, ख्रिस्ती. त्यांची कढई चढते नाताळात, आमची दिवाळीत. त्यामुळे ताटांची देवघेव गेली कित्येक वर्षे बिनबोभाट चालली होती. त्यांच्या करंजीचे सारण आमच्या करंजीपेक्षा सरस असते, हे मी घरात कबूल करीत नाही, इथे करते. गेल्या नाताळात मात्र खालून ताट आले नाही. मार्गशीर्षात त्यांची एकुलती एक मुलगी तापाचे निमित्त होऊन गेली होती. बावीस वर्षांची.

मी भेटायला गेले होते, तेव्हा सगळे म्हणतात तेच म्हणाले, “देवाची इच्छा, बाई!”

त्या शांतपणे म्हणाल्या, “ताई, तेवढे म्हणू नका. माझी मुलगी न्यावी अशी इच्छा असणारा देव मला ओळखीचा नाही.”

मी ओशाळले. त्यानंतर बरेच महिने जिन्यात भेट झाली तरी मी पाण्याची चौकशी करायची, मुकादमाची करायची आणि वर निघून यायची. पण बाई शाळेत जात होत्या, रविवारी देवळात जात होत्या, संध्याकाळी तांबडी पेन्सिल घेऊन वह्या तपासत बसत होत्या. यंदा नवरात्रात मला राहवले नाही. भीत भीत विचारले, “बाई, तुमच्या धर्मात असे काय आहे, की तुम्ही उठून उभ्या राहिलात?”

“मी कुठली उभी राहते आहे!” त्या म्हणाल्या. “पंडिता रमाबाईंचे शेवटचे वर्ष वाचा. मी ते पाठ केल्यासारखे वाचते आहे.”

रमाबाई आपल्याला माहीत असतात त्या शारदासदनापुरत्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सदन निघाले, तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी पुढे आण्णासाहेब कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या, मग १८९३ च्या सुमारास धर्मांतराच्या संशयावरून पुण्यात काहूर उठले. तो वाद इथे उकरून काढायचा नाही. मी वाचू लागले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी: या बाईची किती माणसे गेली?

वडील अनंतशास्त्री डोंगरे. पुराणे सांगत सारे कुटुंब तीर्थोतीर्थी पायी हिंडत असे. दुष्काळ पडला, गाठीचे द्रव्य संपले. वडील गेले, पाठोपाठ आई, मग थोरली बहीण. आईच्या शेवटच्या दुखण्यातली हकीकत रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवली आहे. भुकेल्या आईसाठी ही मुलगी एका घरी गेली. मागायला तोंड उघडेना, डोळे मात्र भरून आले. घरधनिणीने बाजरीच्या भाकरीचा तुकडा हातावर ठेवला. तो घेऊन ती परत आली, पण तो खाण्याचे त्राण आईत उरले नव्हते. आई गेली तेव्हा तिरडीला खांदा द्यायला माणसे पुरेनात. दोघांना दया आली, तिसरा भाऊ, चौथी ही. उंची कमी पडली म्हणून तिने आपल्या वाटचा भार डोक्यावर घेतला.

इथे मी पुस्तक मिटून ठेवले होते, हे सांगितले पाहिजे.

पुढे भाऊ श्रीनिवास १८८० साली बंगालमध्ये गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी विवाह झाला, आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने तेही गेले. पदरात मनोरमा, वर्षाचीही नाही. तेवीस वर्षांच्या या बाईला संस्कृत ग्रंथ मुखोद्गत होते, कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवले होते. पण आईवडिलांनी जन्मभर केलेली व्रते दुष्काळात कामी आली नाहीत, हा सल गेला नव्हता. पतीच्या घरीच लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत हाती लागली होती. ते वाचून ओढ वाटली. दुःख मात्र तिथेच होते.

१८८३ साली त्या इंग्लंडात वाँटेज येथे ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात गेल्या. तिथल्या भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅम येथले आपले एक गृह दाखवले. ज्या बायकांचे नाव घेणेही आपल्याकडे पाप समजले जाई, त्यांना तिथे प्रेमाने सांभाळीत. हे का करता, असे रमाबाईंनी विचारले. उत्तरादाखल त्यांना विहिरीवर ख्रिस्ताला भेटलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट सांगण्यात आली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे तर्काने नव्हे, कुणाच्या तरी राबणाऱ्या हातांनी त्यांना तिकडे नेले.

आणि एवढ्याने सगळे झाले, असे समजू नका. आपल्या साक्षीत रमाबाई सरळ लिहितात, की ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त भेटायला त्यानंतर आणखी आठ वर्षे लागली. मला हे वाक्य फार प्रामाणिक वाटते. एका रात्रीत समाधान झाल्याच्या गोष्टी ऐकल्या, की ज्याचे तसे होत नाही त्या माणसाला उगाच अपराधी वाटते.

पुढचे केडगाव बहुतेकांना ठाऊक आहे: १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुली, पुढच्या दुष्काळात दोन हजारांच्या घरात गेलेली माणसे. ज्या मुलीच्या हातावर कुणी बाजरीचा तुकडा ठेवला होता, तिने एवढ्या भाकऱ्यांची सोय केली. मनोरमा शिकून पदवीधर झाली, आईच्या कामाला लागली, गुलबर्ग्याला मुलींची शाळा काढली. आईची सारी मदार तिच्यावर. ती मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी मिरजेच्या दवाखान्यात गेली. चाळीस वर्षांची होती. आई त्रेसष्ट, प्रकृती ढासळलेली, कान गेलेले.

आणि हातात काम कोणते? मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर. जुनी भाषांतरे विद्वानांना कळतील अशी. रमाबाईंना ते कमी शिकलेल्या बाईला स्वतः वाचता येईल, अशा सोप्या बोलीत हवे होते. केडगावच्या छापखान्यात मुलीच खिळे जुळवीत, मुलीच छापीत. मनोरमा गेल्यावर आठ महिने ही आई प्रुफे तपासत होती. शेवटचे काम हातावेगळे होईतो देवाने आयुष्य द्यावे, एवढेच त्यांनी मागितले आणि ते पुरे झाले, असे सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, चौसष्टावे वर्ष पुरे व्हायला अठरा दिवस कमी असताना. ग्रंथ १९२४ साली बाहेर आला.

वाचून झाल्यावर मी खाली गेले. म्हटले, “बाई, पण यात मुलीच्या मरणाचे उत्तर कुठे आहे?”

“नाही ना,” बाई म्हणाल्या. “त्यांनी मागितलेही नाही. मनो पुन्हा भेटेल, याची त्यांना खात्री होती. मलाही आहे, रोज सकाळी असतेच असे नाही. ज्या दिवशी नसते, त्या दिवशी मी वह्या जास्त तपासते.” मग हसून म्हणाल्या, “पोरांची शुद्धलेखने काय भयंकर असतात, ताई! रडायला सवड देत नाहीत.”

धनत्रयोदशीला मी ताट घेऊन गेले. या खेपेला देवाच्या इच्छेविषयी काही बोलले नाही; मोडा घेऊन बसले, एवढेच. भिंतीवर मुलीचा फोटो होता, खाली मेणबत्ती. बाईंनी ताटावरचा रुमाल काढला, एक चकली मोडली, चावली आणि कपाळाला आठी घातली.

“यंदा भाजणी जरा जास्त भाजलीत का? कडक झाली आहे हं.”

वर्षभरात त्यांनी कशाला नाव ठेवलेले मी ऐकले नव्हते. मी म्हटले, “तुमच्या करंज्या आल्या, की बघून घेईन.”

त्यांनी कपाट उघडले, साखरेचा डबा काढून झाकण उघडून पाहिले आणि नाताळाला किती दिवस राहिले ते बोटांवर मोजू लागल्या.