शेतात सौर हवं का लाईट, हे सातबारा कसा ठरवणार?

परवा पाहुण्यांच्या साखरपुड्यात जेवणाच्या पंगतीत वाद पेटला. एका बाजूला माझा भाचा, पुण्यात आयटीत. दुसऱ्या बाजूला आप्पा, बोर्डातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. भाचा म्हणाला, "मामा, सरकारनं विजेतून अंग काढून घ्यावं. कोळसा, पाणी, वारा, सौर, जे स्वस्त ते टिकेल. बाजार ठरवेल." आप्पा भडकले. "बाजाराच्या नादाला लागला असतास तर तुझ्या आजोळी अजून कंदील असता." मग दोघंही माझ्याकडं बघायला लागले, कारण माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. तिथं बोललो नाही, बासुंदी चांगली होती. इथं बोलतो. लांबलंय, आधीच सांगतो.

पहिलं भाच्याला. बाळा, तू म्हणतोस तो बाजार विजेत कधी होता ते दाखव. खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र 1915 चं, भांडवल खासगी. पण पुढं मुळशीचं धरण बांधायला जमीन कशी मिळाली? शेतकऱ्यांनी खुशीनं विकली नव्हती. सरकारनं 1894 चा भूसंपादन कायदा लावला, लोक सत्याग्रहाला बसले, सेनापती बापट तुरुंगात गेले. नफा खासगी, काठी सरकारची. विजेच्या धंद्याला जमीन लागते, नदी लागते, दुसऱ्याच्या रानातून तार ओढावी लागते. यातलं काहीच सरकारच्या कागदाशिवाय मिळत नाही. मग "सरकार नको" म्हणण्याला अर्थ काय राहिला?

आता आप्पांना. आप्पा, तुम्ही कोयना दाखवणार, मला माहीत आहे. दाखवाच. 1,960 मेगावॅट, सरकारनं बांधलेली, आणि त्या काळात एवढं काम दुसऱ्या कुणी केलं नसतं हे मान्य. पण कोयनेच्या विजेचा दर ठरवताना आपल्या पाटण तालुक्यातल्या बुडालेल्या गावांचा हिशेब कुठल्या रकान्यात धरला? साठ वर्षं झाली, धरणग्रस्तांची तिसरी पिढी अजून जमिनीसाठी आंदोलनाला बसते. सरकारनं निवडलं म्हणजे किंमत चुकती झाली असं नसतं. ती कुणाच्या तरी अंगावर ढकललेली असते एवढंच.

आणि कोयनेवरून मान वर करून सड्यावर बघा. वनकुसवडे, सडावाघापूर, तिकडं चाळकेवाडी. पवनचक्क्यांचं जंगल. ते वारा बघून उभं राहिलं असं आपण पाहुण्यांना सांगतो. वारा होताच. पण खरं कारण घसारा. पवनचक्की घेतली की तिच्या किमतीच्या आधी 100 टक्के, नंतर 80 टक्के घसारा पहिल्याच वर्षी उत्पन्नातून वजा करता यायचा. म्हणजे ज्याचा नफा मोठा, त्याला आयकर वाचवायला पवनचक्की. युनिट किती पडले याच्याशी त्या सवलतीचा संबंध नव्हता. पातं फिरो न फिरो, कर वाचला. 2012 च्या एप्रिलमध्ये केंद्रानं ती सवलत काढली आणि देशात वर्षाला 3,100 मेगावॅटच्या वर जाणारी पवनचक्क्यांची उभारणी पुढच्या वर्षी 1,700 वर आली. 2014 ला सवलत परत दिली. मग 2017 मध्ये केंद्रानं लिलाव सुरू केला, आणि वाऱ्याची वीज फेब्रुवारीत 3 रुपये 46 पैशांना आणि डिसेंबरात गुजरातेत 2 रुपये 43 पैशांना द्यायला कंपन्या तयार झाल्या. वारा तोच होता. आधी सरकार दर ठरवून द्यायचं, आता म्हणालं, कमीत कमी कोण देतो बोला. इथं भाच्याला एक गुण देतो.

पण लगेच काढूनही घेतो, कारण त्याच्यासारखी पोरं एक घोळ करतात. खासगी म्हणजे बाजार, असं त्यांना वाटतं. कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, तिथून गुहागर. दाभोळचा प्रकल्प. एन्रॉनशी 1992 च्या जूनमध्ये प्राथमिक करार झाला, 1993 च्या डिसेंबरात वीज खरेदीचा. निविदा काढली नाही. दर डॉलरला बांधलेला. वीज घ्या न घ्या, ठरलेले पैसे द्या. वर केंद्र सरकारची प्रतिहमी. 1999 च्या मे महिन्यात 740 मेगावॅट सुरू झाले, तेही नाफ्त्यावर. दोन वर्षांत मंडळाला ती वीज परवडेना, 2001 च्या मेमध्ये घेणं बंद केलं. त्याच वर्षी डिसेंबरात एन्रॉन अमेरिकेत दिवाळखोर. याला बाजार म्हणायचं? ज्या धंद्यात बुडायची भीती सरकारनं आधीच काढून घेतलीय, तो धंदा नव्हे, इनाम आहे. आणि आप्पा, त्या करारावर सह्या करणारं मंडळ सरकारीच होतं, तेवढं विसरू नका.

खरा मोकळा बाजार बघायचा तर अमेरिकेतल्या टेक्सासला जा. 2021 चा फेब्रुवारी, बर्फाचं वादळ. वीज केंद्रं गोठली, गॅसच्या विहिरी गोठल्या. दहा वर्षांपूर्वी अशाच थंडीनंतर यंत्रांना थंडीपासून वाचवायची शिफारस झाली होती, पण सक्ती नव्हती, म्हणून बहुतेकांनी खर्च केला नाही. बाजारातला दर कमाल मर्यादेला गेला, युनिटला 9 डॉलर. आपल्या पैशात 650 रुपयांच्या घरात, एका युनिटला! ज्यांनी बाजारभावाशी बांधलेलं कनेक्शन घेतलं होतं त्यांना हजारो डॉलरची बिलं आली. आणि राज्याच्याच आकड्यानुसार 246 माणसं मेली. बाजारानं दर बरोबर दाखवला हो. फक्त दर वाढला म्हणून गोठलेलं केंद्र चालू होत नाही.

आता आपल्याकडचं, ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो.

दुकानात एक गिऱ्हाईक येतं. दोन एकर रान, नदीपासून दीडशे फूट उंचावर, पाइपलाइन दीड हजार फूट. इतकी वर्षं दुसऱ्याच्या मोटरीवर पाणी घेतलं. कनेक्शनसाठी अर्ज करून दोन वर्षं झाली. कार्यालयाच्या खिडकीवर उत्तर मिळालं, आता सौरच घ्या. "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजनेत त्याला दहा टक्के भरायचेत, बाकी सरकार देतं. उत्तम योजना, मनापासून सांगतो. माणमध्ये, खटावमध्ये माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी घेतलाय. दिवसा पाणी, बिल नाही, रात्री बिबट्याच्या भीतीनं बॅटरी घेऊन दारं धरायला जायला नको. ज्यानं आठवड्याआड रात्रपाळीच्या लाईटवर ऊस भिजवलाय त्याला दिवसाच्या पाण्याची किंमत सांगायला नको.

पण योजनेत पंप किती एचपीचा मिळणार ते रानावर ठरतं. अडीच एकरांपर्यंत 3 एचपी, पाच एकरांपर्यंत 5, त्याच्या वर साडेसात. विहीर किती खोल, नदी किती खाली, पाइप किती लांब, हा प्रश्न यात कुठं आला? पाण्याला सातबारा वाचता येत नाही. दीडशे फूट चढवायचं तर पाण्याला जोर लागतो, मालकाच्या नावावर एकर किती हे त्याला कळत नाही. दोन एकरवाल्याला 3 एचपी मिळणार. पाणी वर पोचेल, नाही असं नाही, पण करंगळीएवढी धार. त्यात ढग आले की तीही गेली.

याला म्हणतात सरकारनं निवडणं. सौर वाईट नाही, लाईटही वाईट नाही. मुंबईत बसून चांदा ते बांदा एकच माप लावणं वाईट. जेवढं अनुदान सौरपंपाला देता तेवढंच त्या शेतकऱ्याच्या नावावर धरा आणि त्याला विचारा: पंप घेतोस, का पोल आणि डीपी घेतोस, का चौघं मिळून एक मोठी मोटर घेताय? तो बरोबर निवडेल. रान त्याचं आहे, चूक झाली तर भोगणार तोच. गावाच्या सबस्टेशनजवळ सौर प्रकल्प उभारून आख्ख्या फीडरला दिवसा लाईट द्यायची सौर कृषी वाहिनी योजना मला तर जास्त पटते. पॅनेल सांभाळायची कटकट शेतकऱ्याच्या गळ्यात नाही, साधी मोटर तशीच चालते, आणि माझंही दुकान चालतं. (हो, माझा स्वार्थ आहे. लपवून कशाला ठेवू.)

मग सरकारनं काय करायचं? भाच्याला वाटतं काहीच नाही. मला वाटतं, जे करायला हवं नेमकं तेच ते करत नाही.

कोळशाचा धूर बघा. चंद्रपूरच्या, कोराडीच्या माणसाच्या छातीत जो जातो त्याचे पैसे युनिटच्या दरात नाहीत. म्हणजे कोळशाची वीज स्वस्त दिसते ती उधारीवर. 2015 च्या डिसेंबरात केंद्रानं नियम केला, गंधकाचा धूर आवरायची यंत्रणा दोन वर्षांत बसवा. मुदत वाढली, परत वाढली, परत वाढली आणि 2025 च्या जुलैत बहुतेक केंद्रांना सूटच देऊन टाकली. कोळशावर 2010 पासून स्वच्छ ऊर्जेच्या नावानं सेस घेतला, टनाला 50 रुपये, 2016 पर्यंत 400. वर्षभरात जीएसटी आला आणि तो पैसा राज्यांच्या नुकसानभरपाईत वळवला. नाव स्वच्छ ऊर्जेचं, खिसा भलताच.

घरावरच्या सौरचं तेच. एका हातानं 3 किलोवॅटला 78 हजारांचं अनुदान, दुसऱ्या हातानं 2022 पासून बाहेरच्या पॅनेलवर 40 टक्के सीमाशुल्क. इथं कारखाने व्हावेत याला माझी ना नाही. पण मग सांगा ना सरळ, की अनुदानातला काही हिस्सा कारखान्यांसाठी आहे.

आणि फुकट लाईट. साडेसात एचपीपर्यंतच्या सुमारे 44 लाख शेतकऱ्यांचं बिल सरकार भरतं. शेतकऱ्याला मदत द्या, मी शेतकऱ्याचाच पोरगा. पण शेतीच्या स्वस्त विजेचा काही भार आधीपासूनच दुकानांच्या, कारखान्यांच्या चढ्या दरात घुसवलेला आहे. माझ्या दुकानाचं बिल कधीही येऊन बघा. मग एमआयडीसीतला मोठा कारखानदार शेडवर पॅनेल टाकतो, बाहेरून वीज विकत घेतो. कायद्यानं 2003 पासून ती वाट आहे. तो निघाला की त्याच्यावर अधिभार लावतात, कारण भिशीतला सगळ्यात मोठा हप्ता भरणारा उठून चाललाय. तरीही तो जातो. मागं राहतो मी, पिठाची गिरणीवाला, आणि 3 एचपीचं वेल्डिंग मशीन चालवणारा. अनुदान बजेटमधून द्या, आमच्या बिलात लपवून देऊ नका.

आप्पा, एक गोष्ट तुमच्या बाजूची राहिली. सौर दोन-अडीच रुपयांत मिळतं म्हणून भाचा नाचतो, ती दुपारची वीज. वीज बाजारात दुपारचा दर अनेकदा दोन-तीन रुपये असतो, आणि दिवेलागणीला तोच दर 10 रुपयांच्या कमाल मर्यादेला टेकतो. त्या वेळेला बटण दाबलं की काही मिनिटांत उभी राहते ती कोयना. तिची ती संध्याकाळची किंमत कधी कुणी धरून दिली असती, तर धरणग्रस्तांना द्यायला पैसे नाहीत हे सांगायला तोंड राहिलं नसतं. पण वर्षाला 67.5 टीएमसीच पाणी पश्चिमेला सोडता येतं, बाकीचं खालच्या रानांचं, हेही लवादानंच ठरवलंय, बाजारानं नव्हे. आणि ते बरंच झालं. नाहीतर दहा रुपयांच्या मोहानं सगळी कोयना चिपळूणकडं गेली असती आणि कऱ्हाडला कोरडा घाट.

तर भाच्या, नियम हवेत, कडक हवेत, धुराचे, तारांचे, संध्याकाळी वीज उभी करायचे. आणि आप्पा, कुणाच्या रानात कुठली मोटर फिरायची हे सरकारनं सांगायचं नाही.

ते दोन एकरवालं गिऱ्हाईक काल परत आलं. फॉर्म हातात, शेवटची तारीख जवळ आलेली. "भरू का थांबू?" म्हणालं. म्हणलं, आधी नदीपासून रानापर्यंत उंची मोजू, मग बघू. उद्या सकाळी टेप घेऊन जातोय. दुकान अकरानंतर उघडेल, मोटरी न्यायला येणाऱ्यांनी त्या हिशेबानं या.