चुलीच्या नावानं शंभर वर्षं

बचत गटात नवीन बाई आली की मी विचारते, "तुम्ही काय करता?" बहुतेक जणी खाली मान घालून सांगतात, "काही नाही, घरीच असते." पहाटे पाणी भरण्यापासून रात्री ओटा पुसेपर्यंत राबणारी बाई, आणि म्हणे काही नाही! हे उत्तर ऐकलं की मला फिनलंडमधल्या एका मासिकाची आठवण होते.

त्याचं नाव 'कोतिलिएसी'. फिनिश भाषेत 'कोति' म्हणजे घर आणि 'लिएसी' म्हणजे चूल. घरची चूल! आपण 'चूल आणि मूल' हे शब्द टोमण्यासारखे वापरतो. तिकडे १९२२ साली कुटुंबासाठी मासिक काढताना चुलीचंच नाव मानानं दिलं. पहिल्या संपादिका होत्या आल्ली विहेरहेइमो. २०२२ मध्ये या मासिकानं शंभरी पूर्ण केली.

तो काळ कसा होता बघा. फिनलंड १९१७ मध्ये स्वतंत्र झाला आणि १९१८ मध्ये तिथं यादवी युद्ध पेटलं. देश गरीब, घरं पोळलेली. बायकांना मताचा हक्क १९०६ मध्येच मिळाला होता, १९०७ मध्ये तर एकोणीस जणी निवडून संसदेत गेल्या होत्या. पण लग्न झालेली बाई कायद्यानं नवऱ्याच्या पालकत्वाखालीच! देशाचे कायदे करायला चालते, पण स्वतःचे व्यवहार नवऱ्याच्या हाती. १९२९ च्या विवाह कायद्यानं ही अट काढली. अशा दिवसांत या मासिकानं स्वयंपाक, शिवण, मुलांचं संगोपन, स्वच्छता हे विषय शिकण्यासारखं शास्त्र म्हणून मांडले.

मार्ता वेंडेलिन या चित्रकर्तीनं अनेक वर्षं त्याची मुखपृष्ठं रंगवली. खेड्यातलं घर, आई, गोबऱ्या गालांची मुलं. चित्रं गोड, पण दिवस काही गोड नव्हते. १९३९ मध्ये युद्ध आलं. कारेलिया प्रांतातून चार लाखांहून जास्त माणसं घरदार सोडून निघाली. साखर आणि कॉफी रेशनवर गेली. कॉफीचं रेशन तर १९५४ पर्यंत टिकलं. आहे त्यात भागवायचं कसं, राई-जवाची कॉफी कशी करायची, जुन्या कपड्यातून नवा कसा बेतायचा, ही अक्कलहुशारी तेव्हा चैन नव्हती, जगण्याची गरज होती. आणि ती बायकांच्याच हातात होती.

त्याच देशातल्या मैयू गेबहार्ड यांची गोष्ट मला फार आवडते. घरकामातले कष्ट कमी कसे होतील, याचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत त्या काम करत. भांडी धुण्या-पुसण्यात बाईच्या आयुष्यातले जवळजवळ तीस हजार तास जातात, असा त्यांनी हिशोब मांडला. मग १९४० च्या दशकात त्यांनी मोरीवर टांगायचं, तळाला जाळी असलेलं कपाट घडवलं. धुतलेली भांडी त्यात ठेवायची, पाणी आपोआप निथळतं, पुसायची कटकटच नाही. आज फिनलंडमध्ये घरोघरी ते कपाट दिसतं.

कुणी म्हणेल, चुलीचे गोडवे गाऊन बायकांना चुलीपाशीच बांधलं ना? हा आक्षेप मला पटतो. चित्रातली हसरी आई बघून कितीतरी दमलेल्या आयांना आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटलं असेल. कपाटानं काम कमी झालं, पण ते वाटून घ्यायला हवं हे कपाट कसं सांगणार? ते घरातल्या माणसांनीच शिकायचं.

तरी एक गोष्ट मला मोलाची वाटते. ज्या कामाचे तास कुणी मोजतं, ज्यावर कुणी लिहितं, त्या कामाला 'काही नाही' म्हणता येत नाही. मोजल्याशिवाय ते वाटून मागता तरी कसं येईल?

म्हणून एक करून बघा. एक दिवस उठल्यापासून झोपेपर्यंतची कामं वेळेसकट वहीत लिहा. रात्री ती वही घरात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. आणि पुन्हा कुणी विचारलं, "काय करता?" तर खाली मान घालू नका. सांगा, घर चालवते.